न दिसणाऱ्या शत्रूवर नेम

१८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे लडाखमधल्या रेझांग ला खिंडीवर चिनी सैन्य चालून आलं, तेव्हा भारतीय तोफा फार लांब नव्हत्या. चुशूलला २५ पौंडी तोफा उभ्या होत्या, त्यांच्याजवळ गोळे होते, तोफची होते. पण तोफा आणि खिंड यांच्यामध्ये डोंगराची एक धार आडवी पडली होती. तिच्यावरून गोळा टाकला तरी तो खिंडीपुढच्या उतारावर पडेना. १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे मेजर शैतान सिंग आणि त्यांचे जवान रायफली, हलक्या मशिनगन आणि छोट्या उखळी तोफा एवढ्यावर लढले. सव्वाशेच्या आसपास असलेल्या त्या कंपनीतले शंभराहून अधिक जण तिथेच पडले. मेजरना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण तोफखान्याच्या बाजूने तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तोफखाना नसला म्हणजे पायदळाचं काय होतं, हे इतकं उघडं दाखवणारी दुसरी भारतीय लढाई मला आठवत नाही.

तोफखान्याचा इतिहास सहसा आकड्यांतून सांगितला जातो. इतक्या मिलिमीटरची नळी, तितक्या किलोमीटरचा पल्ला, मिनिटाला इतके गोळे. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांनी लढायांचे निकाल उलगडत नाहीत. गेल्या सव्वाशे वर्षांत तोफ जिथे उभी असते तिथून तिला शत्रू दिसत नाही. तिच्यासाठी दुसरंच कुणीतरी, दुसरीकडून, पाहत असतं. तो पाहणारा आणि ती तोफ यांच्यातला धागा शाबूत राहिला तेव्हा तोफखान्याने लढाया जिंकून दिल्या. तो तुटला तेव्हा लाखो गोळे वाया गेले. माझ्या मते मैदानी तोफखान्याची सगळी कहाणी या धाग्याभोवती फिरते, आणि दुसरी एक अत्यंत रुक्ष गोष्ट त्याच्याइतकीच महत्त्वाची आहे: गोळ्यांचा साठा.

आधी कामाची ओळख. किल्ल्याचा तट फोडायला आणलेल्या अवजड तोफा वेगळ्या आणि पायदळाच्या चालीने चालणाऱ्या, रोजच्या लढाईतल्या तोफा वेगळ्या. या दुसऱ्या प्रकाराला फील्ड आर्टिलरी, मैदानी तोफखाना म्हणतात. भारतीय लष्करातल्या फील्ड रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या आणि प्रत्येक बॅटरीत सहा तोफा, म्हणजे अठरा तोफा असतात. त्या पायदळाच्या एका ब्रिगेडच्या पाठीशी उभ्या राहतात. बॅटरीचा प्रमुख तोफांजवळ कमी आणि पलटणीच्या कर्नलजवळ जास्त असतो. त्याच्याही पुढे, हल्ला करणाऱ्या कंपनीबरोबर, एक तरुण अधिकारी दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ घेऊन चालतो. त्याला सगळे ‘ओपी’ म्हणतात. गोळा कुठे पडला ते पाहून ‘डावीकडे शंभर, पुढे दोनशे’ अशी दुरुस्ती मागे कळवायची, ही त्याची नोकरी. मरतो तो बहुधा हाच. आणि तोफखान्याचं मुख्य काम माणसं मारणं हे नव्हे. पायदळाचा जवान उघड्या उतारावरून शेवटचे दोन-तीनशे मीटर चढत असतो, तेवढा वेळ समोरच्या मोर्च्यातल्या माणसाला डोकं वर काढू न देणं, हे ते काम. त्या खालोखाल शत्रूच्या तोफा गप्प करणं आणि त्याची रसद तोडणं.

तोफेला जेव्हा स्वतःचे डोळे होते, त्या काळातली सर्वांत भयंकर साक्ष महाराष्ट्रातच आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर धावून गेली. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. वेलस्लीने नदी ओलांडून बगलेवर हल्ला करायचं ठरवलं. पोलमनने सगळी रांग तोफांसकट काटकोनात फिरवली. इतक्या थोड्या वेळात इतक्या तोफा वळवणं ही कवायतीची कमाल होती, आणि इंग्रजांनी ती अपेक्षिलेली नव्हती. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच मारले गेले, त्यामुळे त्यांच्या तोफा मागे पडल्या आणि पायदळाला नुसत्या संगिनींवर पुढे जावं लागलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर उठून त्यांनी तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. शेवटी वेलस्लीने ९८ तोफा घेतल्या, पण त्याची सुमारे १६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. एवढ्याशा फौजेला हा भाव फार जबर होता. वॉटर्लू जिंकल्यानंतरही तो असईची लढाई विसरला नाही.

शिंद्यांच्या तोफखान्याला बेचाळीस वर्षांपूर्वीचं पानिपत पाठीशी होतं. तिथे इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि बंदुकांनी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. पण आपलेच घोडेस्वार आवेशाने आपल्याच तोफांपुढे गेले की तोफा मुक्या होतात. १४ जानेवारी १७६१ च्या वर्णनांत ही गोष्ट येते, आणि जगभरच्या तोफखान्यांनी हा धडा वेगवेगळ्या रणांगणांवर पुन्हा पुन्हा गिरवला आहे. तोफ चालवणारा कितीही निष्णात असो, त्याच्या आणि घोड्यावरच्या सरदाराच्या घड्याळाची सांगड लागलेली नसेल तर उपयोग नाही. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारकी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळ सोनोरीच्या डोक्यावर त्यांनी बांधलेला मल्हारगड आजही चढायला सोपा आहे. तिथे जाणारे बहुतेक जण दिवे घाटाचा देखावा पाहून परततात, आणि तो तोफखान्याच्या सरदारांचा किल्ला होता हे वरच्या पाटीवरच वाचतात.

तोफ आंधळी कशी झाली? तिने ते स्वतःहून स्वीकारलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लांब पल्ल्याची, बिनधुराची रायफल आली आणि उघड्यावर उभा असलेला तोफची हजार मीटरवरूनही टिपला जाऊ लागला. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्झोजवळ ब्रिटिश कर्नल लाँगने बारा मैदानी तोफा जुन्या रिवाजाने ऐटीत पुढे नेल्या, बोअरांच्या खंदकांपासून जेमतेम हजार यार्डांवर. थोड्याच वेळात तोफांभोवतीची माणसं आडवी झाली. त्यातल्या दहा तोफा बोअरांनी ओढून नेल्या. त्या परत आणण्याच्या प्रयत्नात ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्‌सचा एकुलता एक मुलगाही मेला. त्याच सुमाराला फ्रेंचांनी १८९७ ची ७५ मिलिमीटरची तोफ बाहेर काढली. तिची नळी गोळ्याच्या धक्क्याने मागे सरकायची आणि तेल-हवेच्या जोरावर पुन्हा जागेवर यायची. गाडा हलायचा नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नवा नेम धरावा लागत नसे. मारा कैकपटींनी जलद झाला. आता तोफ डोंगराआड लपवायची, गणिताने कोन काढायचा आणि डोंगरावर बसलेल्या माणसाने पाहायचं, हा मार्ग उरला.

हा मार्ग किती अवघड होता ते पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जुलैत, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत कळलं. ब्रिटिशांनी आठवडाभर पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकले. तारेची कुंपणं तुटतील, जर्मन खंदक सपाट होतील अशी खात्री होती. पुष्कळ गोळे फुटलेच नाहीत. बरेचसे गोळे मोकळ्या मैदानात उडणाऱ्या छर्‍यांचे होते. त्यांनी तार नीट कापली जात नाही आणि जमिनीखाली तीस फुटांवर बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. मारा थांबला, जर्मन वर आले, मशिनगन मांडल्या. १ जुलैच्या एका दिवसात ब्रिटिशांच्या ५७,४७० माणसांची हानी झाली, त्यांतली १९,२४० मेली. आकडा पाठ आहे अनेकांना. गोळ्यांची संख्या म्हणजे तोफखान्याचं यश नव्हे, हे मात्र अजूनही सेनापतींना आणि वृत्तवाहिन्यांना पुन्हा पुन्हा समजवावं लागतं.

युद्धाच्या उरलेल्या दोन वर्षांत जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं, कारण ते घडवलं भौतिकशास्त्राच्या माणसांनी. लॉरेन्स ब्रॅग याला १९१५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, नोबेल मिळालं, आणि तेव्हा तो शत्रूच्या लपलेल्या तोफा आवाजावरून शोधायच्या कामावर होता. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ, तोही तोफखान्यातला, गॅलिपोलीत मेला. कल्पना सोपी होती. ओळीने मायक्रोफोन मांडायचे, प्रत्येकाला आवाज किती उशिरा पोचतो ते मोजायचं आणि तोफेची जागा काढायची. अडचण अशी की मायक्रोफोनला सुसाट जाणाऱ्या गोळ्याचा कडक आवाज ऐकू यायचा, तोफेचा जड, खोल आवाज नाही. टकर नावाच्या त्याच्या सहकाऱ्याला झोपडीत बिछान्यावर पडल्या पडल्या लक्षात आलं की तोफ उडाली की भिंतीच्या भोकातून गार वाऱ्याचा एक झोत तोंडावर येतो. त्यावरून त्याने तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन बनवला. झोत आला की तार गार व्हायची. पुढे हवामानाचे तक्ते आले, नळीची झीज मोजली जाऊ लागली, विमानांतून काढलेल्या छायाचित्रांवरून नकाशे आले. २० नोव्हेंबर १९१७ ला काँब्रेच्या लढाईत ब्रिटिश तोफा आधी एकही चाचणीचा गोळा न टाकता, नुसत्या गणितावर, एकदम सुरू झाल्या. जर्मनांना हल्ल्याची चाहूल लागली नव्हती. कान, नकाशा आणि हवामान हे तोफेचे नवे डोळे झाले.

या सगळ्या काळात हिंदी तोफची कुठे होता? १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की मोठी तोफ पुन्हा हिंदी माणसाच्या हाती द्यायची नाही. दिल्ली आणि लखनौला बंडवाल्यांच्या तोफा त्यांनी पाहिल्या होत्या. अपवाद केला तो थोड्या पहाडी बॅटऱ्यांचा. सरहद्दीच्या डोंगरांत खेचरांच्या पाठीवरून सुटे भाग नेऊन तोफ जोडायची, असं त्यांचं काम होतं. मुंबई प्रांताच्या तोफखान्यातल्या गोलंदाज बटालियनची एक कंपनी २८ सप्टेंबर १८२७ ला उभी राहिली होती. तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली, आणि आजचा भारतीय तोफखाना आपला स्थापना दिवस त्याच तारखेला पाळतो. तोफखान्याला पायदळासारखं निशाण नसतं. तोफ हेच त्याचं निशाण, म्हणून तोफ शत्रूच्या हाती जाणं ही लाजेची गोष्ट. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या अँझॅक किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन पायदळाच्या मागोमाग उतरल्या त्या हिंदी खेचर-बॅटऱ्याच, जेकब्ज आणि कोहाट. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रकथेत गॅलिपोलीला जी जागा आहे ती आपल्याला ठाऊक असते. त्या किनाऱ्यावर त्यांच्या बाजूने सुरुवातीला गोळा टाकणारे हात पंजाबी शीख-मुसलमानांचे होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मैदानी तोफ हिंदी माणसाच्या हाती पुन्हा आली जानेवारी १९३५ मध्ये, बंगलोरला उभ्या राहिलेल्या ‘ए फील्ड ब्रिगेड’मधून. म्हणजे पाऊण शतकाहून जास्त काळ बंदी होती. काही वर्षांतच कसोटीही लागली. २७ मे १९४२ ला लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमच्या आग्नेयेला रोमेलचे रणगाडे तिसऱ्या हिंदी मोटर ब्रिगेडवर आले. दुसऱ्या हिंदी फील्ड रेजिमेंटने २५ पौंडी तोफा थेट रणगाड्यांवर चालवल्या. तिथल्या बॅटरीचा प्रमुख परमशिव प्रभाकर कुमारमंगलम; त्या दिवसासाठी त्याला डीएसओ हे शौर्यपदक मिळालं, पुढे तो पकडला गेला आणि १९६६ मध्ये भारताचा लष्करप्रमुख झाला. इटलीत आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर चौथी मराठा अँटी-टँक रेजिमेंट होती. तिच्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक निघायला हवं होतं.

पण दुसऱ्या महायुद्धात डोळा आणि तोफ यांचं नातं पाहायचं तर कोहिमाकडे जायला हवं. एप्रिल १९४४ मध्ये टेकडीवरच्या ब्रिटिश-हिंदी फौजेच्या दोन-अडीच हजार माणसांना जपानी डिव्हिजनने वेढलं. टेकडीवर तोफा ठेवायला जागाच नव्हती. जिथे ठेवावी तिथे जपानी दिसायचे. तोफा होत्या जोत्सोमाला, सुमारे तीन किलोमीटरवर, आणि त्याही वेढ्यात. २४व्या हिंदी माउंटन रेजिमेंटच्या त्या ३.७ इंची हॉवित्झरना वेढ्यातून दिशा देत होता मेजर यो. खंदकांमधलं अंतर कुठे कुठे टेनिस कोर्टाच्या रुंदीइतकं होतं, अक्षरशः, कारण उपायुक्तांच्या बंगल्याचं टेनिस कोर्टच रणांगण झालं होतं. इतक्या जवळ गोळा टाकायचा तर शंभर यार्डांची चूक म्हणजे आपलीच माणसं. गोळे जपान्यांवर पडत राहिले. वेढ्यातल्या पायदळाने त्या तोफची मंडळींना नंतर जी दाद दिली ती मला कुठल्याही पदकापेक्षा मोलाची वाटते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात उमराव सिंग नावाच्या हवालदाराची तोफ जपान्यांच्या लाटेत सापडली. तो ३३व्या माउंटन बॅटरीत होता. एकामागून एक हल्ले झाले, साथीदार पडले, गोळ्या संपल्या. तेव्हा तोफ फिरवायचा लोखंडी दांडा घेऊन तो लढला. काही तासांनी तोफ परत घेतली तेव्हा तो तिच्याशेजारी बेशुद्ध होता आणि भोवती दहा जपानी मरून पडले होते. तोफ चालू स्थितीत होती. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असईचे गोलंदाज आणि हा हवालदार यांच्यात एकशे एकेचाळीस वर्षांचं अंतर आहे, वृत्ती एकच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काश्मीर युद्धात पूँछला डाकोटा विमानांतून तोफा उतरवाव्या लागल्या. तोफखान्याची शाळा आधी आताच्या पाकिस्तानातल्या काकूलला होती, पुढे ती नाशिकजवळ देवळालीला आली. तेव्हापासून भारतातला जवळजवळ प्रत्येक तोफखाना अधिकारी देवळालीच्या माळावर आपला पहिला गोळा टाकतो. नाशिक रोडला जवान घडवणारं आर्टिलरी सेंटर. पावसाळा संपला की त्या भागातल्या गावांना धडाधड आवाजांची सवय असते. 

१९६२ मध्ये रेझांग लाच्या आधी नामका चू नदीवरही तीच रड होती. हवाई छत्रीने टाकलेल्या मोजक्या हलक्या तोफा आणि त्यांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके गोळे. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीमच्या सीमेवरच्या नथू लाला चित्र उलटं झालं. सुरुवातीच्या तासांत तारेचं कुंपण घालणारे आपले पुष्कळ जवान मेले. पण सेबू ला आणि कॅमल्स बॅक या उंचवट्यांवर आपले निरीक्षक बसले होते आणि तिथून चिनी बाजूचं खोरं, रस्ता, मोर्चे दिसत होते. चिनी तोफांना तसा डोळा नव्हता. तीन दिवस भारतीय तोफा शांतपणे दुरुस्त्या करत मारत राहिल्या. त्या चकमकीचं श्रेय जनरल सगत सिंग यांच्या निर्धाराला दिलं जातं, आणि ते त्यांचं आहेच. पण तो निर्धार उपयोगी पडला तो त्या दोन उंचवट्यांमुळे.

१९६५ आणि १९७१ वर मी इथे रेंगाळत नाही. दोन्ही युद्धांत तोफखाना मोठा होता, पण त्यांची खरी कथा रणगाड्यांची आणि वेगाची आहे. एक प्रसंग मात्र सांगण्याजोगा. डिसेंबर १९७१ मध्ये पूँछजवळच्या मांढोल गावात पाकिस्तानी तोफा त्रास देत होत्या आणि आपल्या माऱ्याला सापडत नव्हत्या. तेव्हा ९ पॅराचे कमांडो रात्री नदी उतरून चालत गेले आणि त्यांनी सहा तोफा स्फोटकं लावून उडवल्या. डोळ्याला तोफ दिसेना, तेव्हा माणसं हातांनी जाऊन ती मोडून आली.

आता कारगिल. १९९९ च्या उन्हाळ्यात शत्रू सोळा हजार फुटांवरच्या धारांवर बसला होता आणि आपल्या तोफा द्रासच्या खोऱ्यात, राष्ट्रीय महामार्गाच्या आसपास. पर्वतात तोफ डागणं म्हणजे काय ते मैदानातल्या माणसाला सहज समजत नाही. सपाटीवर गोळा पन्नास मीटर पुढे पडला तरी जवळच फुटतो. सुरीच्या पात्यासारख्या धारेवर तोच गोळा पलीकडच्या दरीत जातो, आणि पन्नास मीटर अलीकडे पडला तर खालून चढणाऱ्या आपल्याच जवानांच्या डोक्यावर दगड कोसळतात. शिवाय विरळ हवेत गोळा लांब जातो. कमी उंचीसाठी बनवलेले तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. वारा तासागणिक बदलतो. प्रत्येक बॅटरीला रोज नव्याने हिशेब बसवावा लागला.

मग बोफोर्स तोफा महामार्गाजवळ आणून, नळ्या सरळ शिखराकडे रोखून, दगडी मोर्च्यांवर थेट मारा सुरू झाला. कोलेन्झोच्या शंभर वर्षांनंतर तोफेला पुन्हा स्वतःचे डोळे मिळाले. धोकाही तोच जुना: तुम्हाला मोर्चा दिसतो तेव्हा मोर्च्यावरच्या निरीक्षकालाही तुमची तोफ दिसते. गोळे पाकिस्तानकडूनही येत होते, आणि त्यांच्याकडे उडालेल्या गोळ्याच्या मार्गावरून तोफेची जागा सांगणारं रडार होतं. आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेकडून ते युद्ध संपल्यावर घेतलं. भारतीय बनावटीचं स्वाती त्याहून उशिरा आलं.

तोलोलिंग १३ जूनला हाती आलं, टायगर हिल ४ जुलैला. त्या युद्धात तीनशेहून अधिक तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर यांनी मिळून सुमारे अडीच लाख गोळे-रॉकेटं टाकली. टायगर हिल घेतलं त्या एका दिवसात नऊ हजार. बिंदू ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ असं नाव दिलं गेलं. पण या आकड्यांच्या आत ओपी अधिकारी हरवतो. मश्कोह खोऱ्यात ट्विन बम्प्सवर २ नागा पलटणीबरोबर चढलेला कॅप्टन जेरी प्रेमराज हा १५८ मीडियम रेजिमेंटचा. जखमी झाल्यावरही तो रेडिओवरून दुरुस्त्या देत राहिला आणि ७ जुलैला मेला. त्याला वीर चक्र मिळालं. अडीच लाखांतले कामाचे गोळे अशाच माणसांच्या आवाजावर पडले.

गंमत म्हणजे, ज्या तोफेने ही लढाई ओढून नेली तिचं नाव बारा वर्षं आपल्याकडे शिवीसारखं वापरलं जात होतं. २४ मार्च १९८६ ला ४१० बोफोर्स तोफांचा सुमारे १४३७ कोटींचा करार झाला, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली, पुढच्या निवडणुकीत सरकार गेलं. लाच घेणाऱ्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या धास्तीने नंतर जवळजवळ तीस वर्षं एकही १५५ मिलिमीटरची नवी तोफ विकत घ्यायचं धाडस कुठल्याही सरकारला झालं नाही, हा मला लाचेइतकाच मोठा गुन्हा वाटतो. कारगिलच्या वर्षीच आखलेली, सुमारे २८०० तोफा घ्यायची योजना फायलींत फिरत राहिली. कोंडी फुटली ती २०१६ मध्ये, १४५ अमेरिकी एम-७७७ हलक्या हॉवित्झरच्या कराराने. मग हजिराला जोडलेल्या १०० के-९ वज्र आल्या, जबलपूरची धनुष आली. मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या पाषाणातल्या एआरडीईने आखलेल्या ‘अटॅग्ज’ या तोफेच्या ३०७ नगांचा करार झाला. बहुतेक तोफा पुण्याचीच भारत फोर्ज बनवणार, उरलेल्या टाटांकडून. खास गोळ्याने ती ४८ किलोमीटरपर्यंत पोचते.

तोफांच्या बातम्या येतात, गोळ्यांच्या येत नाहीत. विदर्भ हा या देशाच्या दारूगोळ्याचा कणा आहे. नागपूरजवळ अंबाझरीला गोळ्याचं कवच घडतं, भद्रावतीच्या चांदा कारखान्यात त्यात स्फोटक भरलं जातं, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला साठा होतो. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली, आणि ती विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कामगार मेले. युद्धात न मेलेले हे तोफखान्याचे मृत. त्याच्या आदल्या वर्षी महालेखापालांच्या अहवालात निघालं होतं की २०१३ च्या मार्चमध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या जोरदार लढाईलाही पुरला नसता. युक्रेनच्या युद्धाने तर श्रीमंत देशांचीही हीच फजिती केली. युद्धापूर्वी अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४,००० बनत, आणि तेवढे पूर्वेकडच्या त्या मैदानांत दोन-तीन दिवसांत संपत होते.

तोफखान्याविषयी गौरवाने लिहिताना एक गोष्ट टाळली जाते. न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारलेला गोळा कुणावर पडेल हे कधीकधी खरंच दिसत नाही. उरी, पूँछ, राजौरी इथली माणसं दशकानुदशकं गोळीबार सुरू झाला की तळघरांत जातात. मे २०२५ मध्ये पूँछ शहरात गोळे पडले आणि घरांत, रस्त्यांवर नागरिक मेले. ते गोळे टाकणाऱ्या तोफचीलाही आपलं लक्ष्य दिसत नव्हतं.

आणि आता डोळा पुन्हा बदलतो आहे. युक्रेनमध्ये ओपी अधिकाऱ्याच्या जागी छोट्या ड्रोनचा कॅमेरा आला. गोळा कुठे पडला ते बॅटरीतल्या माणसाला थेट पडद्यावर दिसतं, आणि तशीच ड्रोन शत्रूच्या तोफाही निकामी करतात. तोफ एका जागी काही मिनिटांहून जास्त उभी राहू शकत नाही. ‘मारा आणि पळा’ ही चैन नसून जगायची अट झाली आहे. ओढून न्यायच्या तोफांपेक्षा चाकांवर बसवलेल्या तोफांकडे सगळ्या लष्करांचा ओढा आहे तो म्हणूनच, आणि अटॅग्जसारखी ओढायची तोफ आजच्या घडीला मोठ्या संख्येने घेणं कितपत शहाणपणाचं, हा वाद लष्करात रास्तपणे चालू आहे. पर्वतांसाठी मला ओढायच्या तोफेचा पक्ष पटतो. पंजाबच्या सपाटीसाठी नाही.

२६ जुलै २०२५ रोजी द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी ‘शक्तिबाण’ नावाच्या नव्या तोफखाना रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या जाहीर केल्या. त्यांच्याकडे टेहळणीची ड्रोन आणि लक्ष्यावर घिरट्या घालून कोसळणारी अस्त्रं असतील. २०२३ च्या एप्रिलमध्ये तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी आल्या. उद्या देवळालीच्या माळावर दुर्बिणीऐवजी ड्रोनचा पडदा घेऊन बसणाऱ्यांत त्यांच्या नंतरच्या तुकड्या असतील. पण ड्रोनचा रेडिओ बंद पाडणारी यंत्रं रणांगणावर आधीच आली आहेत. लडाखच्या थंडीत ड्रोनची बॅटरी लवकर दम तोडते. म्हणून देवळालीच्या अभ्यासक्रमात नकाशा, दुर्बीण आणि पेन्सिलीने कोन काढण्याचे तास अजून ठेवले आहेत की ड्रोनला जागा करण्यासाठी कापले आहेत, हे मला तोफांच्या पल्ल्यांपेक्षा आधी विचारावंसं वाटतं.